कोऱ्या पाण्याचा समुद्र

समुद्र पाहायचा तर माणूस समुद्रावर जातो. समुद्रच उचलून घरी आणावा असे वाटणारी माणसे थोडी, आणि ते वाटणे खरे करून दाखवणारी त्याहून थोडी. गोड्या पाण्यातले सोनेरी मासे चिनी लोकांनी शेकडो वर्षे पाळले. त्यात नवल नव्हते, कारण विहिरीचे पाणी घरोघरी होतेच. पण खारे पाणी, त्यातली समुद्रफुले, प्रवाळ, खेकडे आणि मासे यांच्यासकट, बैठकीच्या खोलीत मांडून ठेवण्याची हौस जेमतेम पावणेदोनशे वर्षांची आहे. या हौसेचा इतिहास वाचू लागलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात येऊन मोठी मौज वाटली. घरात समुद्र करणाऱ्यांना समुद्रातल्या मिठाने फारसे छळलेच नाही. त्यांना छळले ते साध्या पाण्याने.

प्रारंभ एका बाईपासून करायला हवा. ॲना थिन ही लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या एका उच्च धर्माधिकाऱ्याची पत्नी. १८४६ साली ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्की येथे गेली असता तिला खडकांवरचे जिवंत प्रवाळ दिसले. तिने ते एका दगडी बरणीत समुद्राच्या पाण्यासह घालून लंडनला आणले. वाटेत ते गडगडून दुखावू नयेत म्हणून तिने ते सुईदोऱ्याने एका मोठ्या स्पंजाला टाचून टाकले होते! लंडनपासून समुद्र दूर. पाणी किनाऱ्यावरून मागवावे लागे, आणि ते वेळेवर पोचेलच असे नाही. तेव्हा बाईंनी निराळाच उपाय काढला. जुनेच पाणी उघड्या खिडकीसमोर उभे राहून एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात, पुन्हा दुसऱ्यातून पहिल्यात, असे अर्धा-पाऊण तास ओतायचे. हवा मिसळली की पाणी ताजे होते. हे ओतण्याचे काम अर्थातच घरातल्या मोलकरणीकडे आले. समुद्र-मत्स्यालयाच्या इतिहासात त्या मोलकरणीचे नाव कोणी लिहून ठेवलेले नाही, पण जगातला पहिला हवेचा पंप तीच होती असे मला वाटते. पुढल्या वर्षी बाईंनी बरणीत समुद्रशेवाळही ठेवले, आणि ते प्रवाळ जगले, इतकेच नव्हे तर वाढले.

तिथेच लंडनमध्ये औषधविक्रेत्यांच्या संस्थेत काम करणारा रॉबर्ट वॉरिंग्टन हा रसायनशास्त्रज्ञ त्याच कोड्याशी झगडत होता. त्याने एका मोठ्या काचपात्रात दोन सोनेरी मासे, व्हॅलिस्नेरिया नावाची पाणवनस्पती आणि काही गोगलगायी ठेवल्या. वनस्पतीने प्राणवायू द्यायचा, माशांनी तो घ्यायचा, आणि कुजलेली पाने गोगलगायींनी खाऊन टाकायची, असा तो संसार. १८५० साली त्याने हा प्रयोग प्रसिद्ध केला आणि मत्स्यालयाला शास्त्राचा पाया मिळाला. याला एक अगदी अशास्त्रीय साहाय्य झाले होते: इंग्लंडातला काचेवरचा कर १८४५ साली उठला होता आणि मोठ्या काचा मध्यमवर्गाच्या आटोक्यात आल्या होत्या. कर उठल्याने काय काय उगवते याचा हिशेब अर्थशास्त्रज्ञ सहसा माशांपर्यंत नेत नाहीत.

मग आला फिलिप हेन्री गॉस. हा निसर्गाचा वेडा आणि बायबलाचा त्याहून वेडा. १८५३ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयात जगातले पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले, त्यात ठेवलेले पुष्कळसे प्राणी त्यानेच किनाऱ्यावरून गोळा करून पाठवलेले. पुढच्या वर्षी त्याचे या विषयावरचे पुस्तक निघाले आणि इंग्लंडभर घरोघरी काचेच्या पेट्या दिसू लागल्या. पण किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्याने पाणी आणायचे कोठून? गॉसने ब्रायटनजवळच्या समुद्रपाण्याचे रासायनिक पृथक्करण समोर ठेवले आणि ठरवले की समुद्र आपण तयारच करावा. पृथक्करणात आढळणाऱ्या क्षारांपैकी जे फारच अल्प किंवा न विरघळणारे, ते त्याने गाळून टाकले. उरले चार: साडेतीन औंस जेवणातले मीठ, पाव औंस एप्सम मीठ, म्हणजे आपल्या जुन्या लोकांचे जुलाबाचे मीठ, दोनशे ग्रेन मॅग्नेशियम क्लोराइड आणि चाळीस ग्रेन पोटॅशियम क्लोराइड. हे सारे गॅलनभराहून थोड्या कमी पाण्यात विरघळवायचे. खर्च गॅलनला पाच-सहा पेनी. त्या पाण्यात शेवाळ जगले, मग प्राणीही जगले. समुद्र स्वयंपाकघरात करता येतो हे १८५४ साली सिद्ध झाले.

आता गंमत पाहा. चारही क्षार गॉसने गुंजेच्या हिशेबाने मोजले. पण ज्यात ते टाकले ते पाणी? ते लंडनच्या नळाचे, न्यू रिव्हर कंपनीचे. त्यात काय काय विरघळलेले आहे हे त्याने मोजले नाही. आणि हे वर्ष १८५४ चे. त्याच वर्षी, त्याच शहरात, ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती पटकीने माणसे पटापटा मरत होती, आणि जॉन स्नो नावाचा डॉक्टर घरोघरी हिंडून कोण कोठले पाणी पीत होते याच्या नोंदी करीत होता. एकाच गावात एक जण पाण्यात काय घालावे याचा विचार करीत होता, तर दुसरा पाण्यात आधीच काय आहे याचा. या दोघांची कधी भेट झाली की नाही याची मला कल्पना नाही, पण दोघांचे प्रश्न पुढे एकमेकांना येऊन भिडले. स्नोच्या वाटेने जाता जाता नगरपालिका पाण्यात क्लोरीन घालू लागल्या. अमेरिकेत जर्सी सिटीने १९०८ साली शहराच्या सबंध पुरवठ्यात ते कायमचे सुरू केले. माणसाचा जीव वाचला. पण तेच क्लोरीन माशाच्या कल्ल्यांना विष. नळाचे पाणी माणसाला जितके सुरक्षित होत गेले तितके ते काचेतल्या समुद्राला परके झाले.

हा सारा इतिहास मी चाळू लागलो त्याला निमित्त झाला माझा पुतण्या. पुण्यात आमच्या बैठकीत त्याने दोनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी मांडायचे ठरवले. प्रवाळांची नव्हे, कारण आपल्याकडे २००१ पासून प्रवाळांना वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे, तर दोन-चार केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या माशांची. मुंबईकरांचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले ते मरीन ड्राइव्हवर, समोरच समुद्र. पुण्याला मुठा नदी आहे, समुद्र नाही. तेव्हा मिठाची बादली आली. आणि तिच्या आधी, एका फळीवर बसवलेल्या चार नळकांड्या, एक छोटा पंप आणि दोन-तीन रंगांच्या नळ्या असे एक यंत्र आले. आमच्या घरातून लगेच प्रश्न झाला, “अहो, पाणी खारटच करायचे आहे ना? मग आधी एवढे शुद्ध करण्याचा हा द्राविडी प्राणायाम कशाला? आणि प्यायच्या पाण्याचे यंत्र ओट्यावर आहेच की!”

प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्याचे उत्तर पूर्वी ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना ठाऊक आहे. वर्षभर पाणी तापवल्यावर बंबाच्या आतल्या अंगाला पांढरा थर धरतो. पाणी वाफ होऊन जाते, क्षार मागे राहतात. काचेची टाकी हा अतिशय मंद जाळावरचा बंबच होय. पुण्याच्या हवेत तिच्यातले रोज सरासरी दोन लिटर पाणी उडते. समुद्राचे मीठ उडत नाही, म्हणून भर घालायची ती गोड्या पाण्याची. हे व्हिक्टोरिया राणीच्या काळच्या मार्गदर्शक पुस्तकांतही सांगितलेले आहे. पण भर घातलेल्या पाण्याबरोबर जे आले ते मात्र तिथेच राहते. आमच्या सोसायटीच्या टाकीत महापालिकेचे, बोअरचे आणि टँकरचे अशी तीन पाणी नांदतात. पुतण्याने मापक बुडवला तर आकडा आला ३२०. म्हणजे लिटरमागे सुमारे ३२० मिलिग्रॅम विरघळलेले क्षार. रोज दोन लिटर या दराने वर्षाला दोनशे ग्रॅमच्या वर परकी चीज त्या दोनशे लिटरांत साठत जाणार. त्यात चुना असेल, खतांतून झिरपलेले नायट्रेट असेल, शेवाळ पोसणारे फॉस्फेट आणि सिलिका असेल, जुन्या नळातले तांबे असेल. तांबे तर शिंपले-खेकड्यांच्या वर्गाला अगदी अल्प प्रमाणातही घातक. चॅलेंजर जहाजाने १८७२ ते १८७६ या सफरीत जगभरच्या समुद्रांतून आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि १८८४ साली दाखवून दिले की खारेपणा कमीजास्त झाला तरी मुख्य क्षारांचे एकमेकांशी प्रमाण सर्वत्र जवळजवळ तेच असते. समुद्र हा असा ठरल्या प्रमाणाचा पदार्थ आहे. तो करायचा तर पाटी कोरी हवी. ओट्यावरचे यंत्र माणसासाठी असते, ते चवीपुरते क्षार पाण्यात राहू देते. माशाच्या पाण्यात तेही चालत नाहीत.

कोरे पाणी पूर्वी मिळे ते ऊर्ध्वपातनाने, म्हणजे वाफ धरून. आणि त्याला इंधन इतके लागे की काचेच्या पेटीसाठी ते कोणी करीत नसे. मग फळीवरच्या नळकांड्यांत कोंडलेली ही विद्या आली कोठून? तिचे दोन उगम आहेत, आणि त्यांतला एकही माशांसाठी नव्हता.

एक उगम शेतातला. १८५० च्याच सुमारास, वॉरिंग्टन गोगलगायी मोजत होता त्या दिवसांत, थॉम्पसन नावाच्या यॉर्कशायरच्या जमीनदाराला प्रश्न पडला होता की खतातला अमोनिया पावसाने वाहून का जात नाही? मातीतून अमोनियाचे क्षार गाळले तर खालून चुन्याचे क्षार बाहेर पडतात असे त्याला आढळले, आणि वे या रसायनशास्त्रज्ञाने ते पद्धतशीर तपासले. माती एक घेते आणि बदली दुसरे देते. बोहारणीने जुने कपडे घेऊन भांडे द्यावे तसा हा व्यवहार. पुढे १९३५ साली इंग्लंडात टेडिंग्टनच्या सरकारी प्रयोगशाळेत ॲडम्स आणि होम्स या दोघांनी हाच गुण कृत्रिम राळेत उतरवला. ग्रामोफोनच्या तबकड्यांच्या चुऱ्यावरून त्यांना ही वाट सुचली असे सांगतात. आजच्या शेवटच्या नळकांडीत अशा राळेचे दोन जातींचे बारीक मणी भरलेले असतात. एक जात पाण्यातले धनभारित कण धरते आणि बदल्यात हायड्रोजन सोडते. दुसरी ऋणभारित कण धरून हायड्रॉक्सिल सोडते. सोडलेले हे दोघे भेटले की त्यांचे होते, पाणी! पाण्यातली घाण घेऊन बदल्यात पाणीच द्यायचे, इतका सभ्य व्यवहार मी दुसरा पाहिलेला नाही.

पण हे मणी लवकर दमतात. सारे काम त्यांच्यावर टाकले तर घरखर्च परवडायचा नाही. त्यांच्या आधी नव्वद-पंच्याण्णव टक्के ओझे उतरवणारा कोणी लागतो, आणि तो आला वाळवंटी तहानेतून. कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते, हे परासरण. फोडीच्या पेशींचा पापुद्रा पाण्याला वाट देतो, आणि पाणी खारटाच्या दिशेने धाव घेते. फ्रान्समध्ये नोले या धर्मगुरूने १७४८ साली मद्यार्क भरलेल्या भांड्याचे तोंड डुकराच्या मूत्राशयाच्या कातड्याने बांधून ते पाण्यात बुडवले आणि कातडे फुगलेले पाहिले, तेव्हापासून ही गोष्ट शास्त्राला ठाऊक होती. खारट बाजूवर पुरेसा दाब दिला तर पाणी उलट, गोड्या बाजूला येईल हेही तर्काने कळत होते. समुद्रपाण्यासाठी तो दाब वातावरणाच्या पंचवीसपटींहून अधिक लागतो. असा दाब सोसून क्षार अडवील आणि पाणी सोडील असा पापुद्रा मात्र मिळत नव्हता.

अमेरिकेत १९५२ साली खाऱ्या पाण्यापासून गोडे पाणी करण्याच्या संशोधनासाठी कायदा झाला आणि सरकारी पैसा आला. फ्लोरिडा विद्यापीठात रीड आणि ब्रेटन यांनी १९५९ साली सेल्युलोज ॲसिटेटचा, म्हणजे सिनेमाच्या फिती ज्याच्या करीत त्याच द्रव्याचा, पापुद्रा वापरून क्षार अडवून दाखवले. पण पाणी येई ते थेंबाथेंबाने. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्याच वेळी सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरिराजन हे दोघे काम करीत होते. सौरिराजन आपल्या हिंदुस्थानातला. बाजारात मिळणारा तयार पापुद्रा पाण्याखाली तापवून पाहावा असे त्यांनी केले. एकदा पाहिले तर भरपूर पाणी गोडे होऊन येई, आणि पुन्हा तोच प्रयोग केला तर काहीच नाही! शेवटी उलगडा झाला की पापुद्र्याच्या दोन बाजू सारख्या नाहीत. विशिष्ट बाजू खाऱ्या पाण्याकडे केली तरच तो काम देतो. भाकरीला एका अंगाने पातळ पापुद्रा सुटतो आणि खालचे अंग जाड सच्छिद्र राहते, तसे त्याचे होते. अडवण्याचे काम केवळ वरच्या अतिपातळ पापुद्र्याचे, खालचा भाग नुसता आधार. म्हणूनच पाणी इतक्या सहज निघत होते. हे कळल्यावर १९६० च्या सुमारास त्यांनी असा पापुद्रा स्वतःच थंडीत ओतून तयार केला आणि एका तपाचा अडसर दूर झाला.

१९६५ साली कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा या तेलविहिरींच्या गावी त्याचे पहिले व्यापारी यंत्र चालू झाले. तिथले भूजल इतके मचूळ की पूर्वी प्यायचे पाणी आगगाडीने आणावे लागे. मराठवाड्यातल्या वाचकाला याचे नवल वाटणार नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाण्याची आगगाडी धावलेली त्याने पाहिली आहे. पुढे १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जॉन कॅडॉट याने याहून पातळ आणि टिकाऊ असा निराळ्या द्रव्याचा पापुद्रा काढला, तो गुंडाळून नळकांडीत बसू लागला, आणि मग हे यंत्र कारखान्यातून घरात आले. आणि इथेच इतिहासाने एक गिरकी घेतली. समुद्राचे गोडे पाणी करण्यासाठी ज्याचा जन्म झाला, तो पापुद्रा समुद्रापासून शेकडो कोस दूरच्या हौशी लोकांनी गोड्या पाण्याचा समुद्र करण्यासाठी उचलला. लोब आणि सौरिराजन यांच्या स्वप्नातही केशरी मासे आले नसतील!

आमच्या फळीवर तो सारा इतिहास उलटसुलट क्रमाने टांगला आहे. पहिली नळकांडी गाळ अडवते. दुसरीत कोळसा, तो क्लोरीन शोषतो, कारण कॅडॉटच्या पापुद्र्याला क्लोरीन सोसत नाही. तिसरीत तो पापुद्रा, त्याच्या आधी नळाच्या पाण्याला जोर देणारा पंप. चौथीत राळेचे मणी. पुतण्याने प्रत्येक टप्प्यावर मापक धरला: नळाचे ३२०, पापुद्र्यानंतर १२, मण्यांनंतर शून्य. मापक खरे तर पाण्यातून वीज किती वाहते ते पाहतो. क्षार नाहीत तर वीजही जवळजवळ नाही. पहिले काही लिटर त्याने टाकून दिले, नवा पापुद्रा धुऊन निघावा म्हणून. मग पिंपात कोरे पाणी, त्यात लिटरला पस्तीस ग्रॅमच्या हिशेबाने क्षार, म्हणजे दोनशे लिटरना सात किलो. छोटा पंप रात्रभर ते ढवळत होता. थिनबाईंच्या मोलकरणीची आठवण मला तेव्हा झाली.

एक गोष्ट मात्र या यंत्राच्या कौतुकात झाकून ठेवता कामा नये. एक लिटर कोरे पाणी मिळवताना ते तीन-साडेतीन लिटर पाणी दुसऱ्या नळीने मोरीत सोडते. भर घालायची आणि आठवड्याला थोडे पाणी बदलायचे धरून आमच्या टाकीला आठवड्याला तीस-पस्तीस लिटर लागतात. म्हणजे शंभरावर लिटर मोरीत. ज्या शहरात एप्रिलमध्ये टँकरच्या मागे माणसे उभी राहतात तिथे दोन माशांसाठी हे करावे काय? हा प्रश्न एकट्या हौशी लोकांचा नाही. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली सरकारला सांगितले होते की जिथे पाण्यात लिटरला पाचशे मिलिग्रॅमहून कमी क्षार आहेत तिथे घरगुती यंत्रांवर बंदी आणावी, आणि इतरत्र निदान साठ टक्के पाणी परत मिळेल अशी यंत्रे असावीत. त्या हिशेबाने आमचे ३२० चे पाणी माणसाला जसेच्या तसे पुरेसे चांगले आहे. ते नको आहे ते केवळ समुद्राला.

माझे मत पुतण्याला मी सांगितले: मोरीत जाणारी नळी मोरीत जाता कामा नये. त्यावर त्याने वाद घातला नाही, पण काम केले ते आमच्या गृहिणीने. त्या पाण्याचा आकडा तिने मापकावर स्वतः पाहिला, चारशेच्या घरात होता. क्लोरीन कोळशाने आधीच शोषलेले. तिने न्हाणीघरात एक निळे पिंप आणवले आणि नळी त्यात सोडायला लावली. फरशी, गच्चीतल्या कुंड्या आणि पायपुसणी यांना ते पाणी पुरून उरते. ज्या दिवशी पिंप भरलेले असते त्या दिवशी ती यंत्र चालू करू देत नाही. पुतण्याने कितीही मिनतवारी केली तरी आधी कुंड्या, मग मासे.